बालवाडीची ताई घडते कशी?

1945 साली बोर्डी गावात ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. सोबतीला होत्या अनुताई वाघ. त्याआधी ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर मॉन्टेसरी पद्धतीवर काम केलं होतं. पण त्या पद्धतीची महागडी साधनं खेड्याला परवडणार कशी?

मग शंख-शिंपले, बिया, खडे, पानं हीच मोजायची, जुळवायची, रंग ओळखायची साधनं झाली. मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये हे काम रुजलं. गुरं राखणाऱ्यांसाठी तर कुरणातच शाळा भरू लागली.

अशा ठिकाणी शिकवणारी ताई पुस्तकातून तयार होत नाही. तिला आधी मूल बघायला शिकावं लागतं: ते खडे कसे लावतं, कुठे अडतं, कशाने बुजतं. आंघोळ, नखं, गाणी, गोष्टी हा सगळा अभ्यासक्रमच.

आता 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, तर कमी शिकलेल्यांसाठी वर्षभराची पदविका सुचवली आहे. मोबाइल, दूरचित्रवाणी यांच्या साहाय्यानेही हे शिक्षण घेता यावं, अशी त्यात कल्पना आहे. सोय मोठी आहे, यात शंका नाही. मात्र रडणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाला कसं रमवायचं, हे पडद्यावरून पुरतं कळत नाही. म्हणूनच जाणत्या सेविकेच्या हाताखाली, प्रत्यक्ष मुलांमध्ये घालवलेले दिवस या प्रशिक्षणात भरपूर हवेत.