हरणासाठी कोणती गोळी?



कामगार संघटनेच्या माणसाने हरणाच्या शिकारीतल्या गोळीवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी आयुष्यात हरणावर बंदूक रोखलेली नाही. आज आपल्या देशात हौसेने कोणी तसे केले तर तो तुरुंगात जाईल, आणि ते योग्यच आहे. इथून काशीमिऱ्यापलीकडे गेले की संजय गांधी उद्यानाचा डोंगर लागतो. त्यात चितळ आहे, सांबर आहे, भेकर आहे. ती तिथे नसती तर बिबळ्या जेवायला कोठे आला असता, हे भाईंदरकरांना सांगायला नको. मग गोळीची चर्चा कशाला? कारण कायद्याने शिकार बंद केली असली, तरी मारणे बंद झालेले नाही. त्याकडे मी येणारच आहे. आधी गोळी समजून घेऊ.

मला ती समजावली खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका कामगाराने. भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांत राबणाऱ्यांना ती लगेच कळेल. आपण पत्र्याचे गोल सर्कल प्रेसखाली घालतो आणि त्याचा पेला ओढतो. गोळीचे कवच असेच तांब्या-जस्ताच्या पत्र्याचा इवलासा पेला ओढून करतात आणि आत शिसे भरतात. फौजेच्या गोळीत पेल्याचे बूड पुढे येते आणि शिसे मागून दिसते. शिकारीच्या सॉफ्ट-नोज गोळीत तोच पेला उलटा बसवतात; बूड मागे, तोंड पुढे, आणि तोंडातून मऊ शिसे डोकावते. पहिली गोळी जनावराच्या आरपार बारीक भोक पाडून निघून जाते. जनावर धावत सुटते आणि कोठे तरी झुडपात तासांनी, कधी दिवसांनी मरते. दुसरी आत शिरताच छत्रीसारखी फुलते, वेग तिथेच खर्च करते आणि हृदय-फुप्फुसांशी लागली तर जनावर थोड्याच वेळात पडते.

नळी जितकी बारीक, तितका हा फरक मोठा. जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीची नळी सुमारे ११.४ मिलिमीटरची, तिची गोळी ४८० ग्रेनची. ग्रॅमचे साडेपंधरा ग्रेन धरा, म्हणजे झाले एकतीस ग्रॅम. एवढे शिसे कसेही लागले तरी आडवे करी. पुढे .३०३ आली, ७.७ मिलिमीटरची, आणि गोळी निम्म्याहून हलकी झाली. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेत गोऱ्या साहेबांची तक्रार आली की गोळी लागूनही पठाण चालून येतो. तेव्हा कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले याने कवचाचे टोक कापून शिसे उघडे केले. हीच ती दमदम गोळी. १८९९ साली हेगच्या परिषदेत अशा गोळीला युद्धात बंदी घालणारा जाहीरनामा झाला, तेव्हा ब्रिटन आणि अमेरिका विरोधात गेले. रानटी लोकांना थोपवायला ती हवीच, असे ब्रिटिश प्रतिनिधीचे म्हणणे होते. रानटी म्हणजे आपण! १९०७ साली ब्रिटनने तो जाहीरनामा मान्य केला.

आता गंमत पाहा. माणसांच्या युद्धात जी गोळी निषिद्ध, तीच हरणासाठी इंग्लंडच्या कायद्याने सक्तीची आहे. यात विसंगती नाही. जखमी शिपायाला डॉक्टर मिळण्याची आशा असते. हरणाला इस्पितळ नाही आणि ई. एस. आय. तर नाहीच नाही.

इंग्लंडच्या १९९१ च्या हरीण कायद्याप्रमाणे रायफलीची नळी .२४० इंचाहून लहान नको, गोळीची शक्ती २,३०५ जुलांहून कमी नको, आणि गोळी सॉफ्ट-नोज किंवा पोकळ टोकाचीच हवी. पुढे २००७ साली मुंटजॅक, म्हणजे आपल्या भेकराचा भाऊबंद, आणि चिनी पाणहरीण या दोन लहान जातींसाठी .२२० इंचाची सवलत दिली. पण तिथेही १,३५६ जूल, आणि पन्नास ग्रेनची फुलणारी गोळी. आपल्याकडे नेमबाजीच्या क्लबात जी साधी .२२ असते, तिच्या चाळीस ग्रेनच्या गोळीत सुमारे १४० जूल असतात. भेकरासाठी जेवढे लागतात त्याच्या दशांश! आवाज कमी म्हणून चोरटे शिकारी ती वापरतात आणि हरणे पोटात शिसे घेऊन फिरतात. केवळ शक्ती वाढवूनही भागत नाही. सशाकोल्ह्यासाठी केलेली पातळ कवचाची हलकी, वेगवान गोळी खांद्याच्या हाडावरच फुटते. वरवर मोठी जखम, आत काही नाही. बारीक नळी असेल तर गोळी वजनाला भारी आणि कवचाला जाड हवी, असे माझे खडकीचे गुरू सांगत. आपल्या सरकारी कारखान्यांची .३१५ ची काडतुसे त्या मानाने उत्तम. गोळी २४४ ग्रेनची, सॉफ्ट-नोज. फौजेची .३०३ नागरिकांना मिळू द्यायची नाही, म्हणून हे वेगळे बोअर इथे रूढ झाले. शिशाचे तुकडे मांसात आणि टाकून दिलेल्या आतड्यांत राहतात व ती खाणाऱ्या पक्ष्यांना विषबाधा होते. म्हणून कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिसे पूर्ण बंद केले. तिथे आता तांब्याच्या गोळ्या वापरतात.

आता आपला कायदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पूर्वी सतरावे कलम होते. मोठे जनावर रायफलीनेच मारावे, अन्य बंदुकीला खास परवानगी हवी, रात्री मारू नये, पाणवठ्यावर मारू नये, असे त्यात होते. १९९१ साली परवान्याची शिकार रद्द झाली आणि तिच्याबरोबर हे कलमही गेले. परंतु अकरावे कलम उरले. उभ्या पिकाला धोकादायक झालेले जनावर मारण्याची लेखी परवानगी त्याखाली देता येते. विदर्भात रोही आणि रानडुकरांसाठी शेतकरी ती मागतात. रोह्याला लोक हरणातच धरतात. त्याचा नर दोनशे किलोंच्या वर जातो. पिकाच्या राखणीसाठी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली जो परवाना मिळतो तो असतो ठासणीच्या बंदुकीचा. तिच्यात कधी शिशाचा गोळा, कधी नुसते छर्रे. दोनशे किलोंच्या जनावराला छर्रे! आणि अकराव्या कलमात गोळीविषयी अवाक्षर नाही.

शेतकऱ्याला मी दोष देत नाही. त्याची रात्र मचाणावर जाते आणि सकाळी तूर आडवी झालेली असते. पण करारात जे लिहिलेले नाही ते मिळत नाही, हे संघटनेत तीस वर्षे काढून मी शिकलो आहे. परवानगीच्या कागदावर कोणी मारायचे, कोणते जनावर, किती दिवसांत, हे लिहिता येते, तर आणखी एक रकाना वाढवावा: बोअर, गोळीचा प्रकार, तिचे वजन, आणि किती अंतराच्या पलीकडून बार काढायचा नाही. ज्याला तो रकाना भरता येणार नाही त्याच्या हाती परवानगी न देता वनखात्याने आपला माणूस, आपली रायफल आणि आपले काडतूस घेऊन त्या शेतावर जावे, आणि त्याचा खर्च शेतकऱ्याकडून घेऊ नये.