रहस्यपट आणि भय

चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या मंडळींच्या तोंडून एक अभिप्राय वारंवार ऐकू येतो: "नाव रहस्यपटाचे, पण भीती काही वाटली नाही, तिकिटाचे पैसे पाण्यात गेले." या अभिप्रायाच्या पोटी एक सिद्धांत दडलेला आहे. रहस्यपटाचे काम घाबरविणे. जो अधिक घाबरवील तो अधिक चांगला, आणि जो मुळीच घाबरवीत नाही तो वाया गेला, असा तो सिद्धांत होय. तो पत्करण्यापूर्वी पारखून घेणे इष्ट आहे. कारण प्रेक्षक जे मागतो तेच निर्माता पुरवितो, आणि जे पुरविले जाते तेच घरातील मुलांच्या मनात ठाण मांडून बसते.

या बाबतीत भरताचे नाट्यशास्त्र उपयोगी पडण्यासारखे आहे. त्यात आठ रस सांगितले असून भय हा त्यांपैकी भयानक रसाचा स्थायीभाव मानला आहे. औत्सुक्य, म्हणजे मनाची अधीरता, ही मात्र भयाच्या पोटात घातलेली नाही. तेहतीस व्यभिचारी भावांमध्ये तिला वेगळे स्थान आहे. व्यभिचारी भाव एकाच रसाच्या घरी नांदत नाही. तो कोणत्याही रसाच्या सोबतीला येतो आणि काम होताच निघून जातो. रहस्यकथेचा प्राण हे औत्सुक्य होय. ते भयाबरोबर येते, तसेच शृंगाराबरोबर, करुणाबरोबर, इतकेच नव्हे तर हास्याबरोबरही येते.

कालिदासाचे शाकुंतल पाहा. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ते १८८० साली पुण्यास संगीतासह मराठी रंगभूमीवर आणले. दुर्वासाचा शाप प्रेक्षकाला ठाऊक आहे, दोघी सख्यांना ठाऊक आहे. ज्या शकुंतलेवर तो कोसळणार तिला मात्र त्याची वार्ताही नाही. ती राजाच्या दरबारी उभी राहते, बोटातील अंगठी दाखवू जाते आणि बोट रिकामे असते. या प्रसंगी कोणाच्या अंगावर भीतीने काटा उभा राहत नाही. परंतु जागचे कोणी हलतही नाही. प्रेक्षकाला जे कळले आहे ते नायिकेला कळलेले नाही, या एका अंतरातून सारी उत्कंठा उत्पन्न होते.

आल्फ्रेड हिचकॉक या विख्यात दिग्दर्शकाने हेच सूत्र आपल्या परीने मांडले. फ्रान्स्वा त्रुफो याच्याशी १९६२ साली झालेल्या संभाषणात त्याने मेजाखाली ठेवलेल्या बाँबचा दाखला दिला. माणसे मेजाशी गप्पा मारीत बसली आहेत आणि अकस्मात् स्फोट झाला, तर प्रेक्षकाच्या वाट्याला पंधरा सेकंदांचा धक्का येतो. तोच बाँब प्रेक्षकाला आधी दाखविला, तर त्याच गप्पा तो पंधरा मिनिटे जीव मुठीत धरून ऐकतो. धक्का एकदा बसला की संपला. उत्कंठेला मात्र काळजीचा आधार लागतो, आणि काळजी वाटावयास समोरचे माणूस आपले वाटावे लागते.

ही गोष्ट समजण्यास परदेशी जाण्याचे कारण नाही. बीड जिल्ह्यात सिंदफणेच्या काठी वसलेल्या शिरूर कासारसारख्या गावी हरिनाम सप्ताहात कीर्तनास बसलेला श्रोतृवृंद पाहावा. भगवानगड, गहिनीनाथगड यांच्या परंपरेने या मुलखाचा कान कीर्तनाला तयार केलेला आहे. बुवांनी हरिश्चंद्राचे आख्यान लावले आहे; तारामतीवर राजाचे खड्ग उगारले गेले आहे; नेमके तेथेच बुवा थांबतात आणि टाळकरी अभंग उचलतात. खड्ग पडणार नाही, हे पहिल्या ओळीतल्या आजीपासून मागे बसलेल्या पोरापर्यंत सर्वांना पाठ असते. तरीही मंडप श्वास रोखून राहतो. शेवट ठाऊक असूनही जी उत्कंठा टिकते, ती भयाची म्हणता येत नाही. ती त्या राजाराणीविषयीच्या जिव्हाळ्याची असते. बाबुराव अर्नाळकरांच्या कादंबऱ्यांचे वाचकही असेच होते. झुंजार अथवा काळा पहाड संकटातून सुटणार, याविषयी त्यांना तिळमात्र शंका नसे; म्हणून काही त्यांनी पुस्तक अर्धवट टाकले नाही.

मराठी चित्रपटांत याचे उत्तम उदाहरण म्हणजे राजा परांजपे यांनी १९६४ साली दिग्दर्शित केलेला 'पाठलाग'. काशिनाथ घाणेकर व भावना यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. पत्नीच्या मृत्यूने खचलेल्या एका गृहस्थासमोर, गुन्ह्याच्या आरोपावरून पकडलेली एक स्त्री उभी राहते. चेहरा तोच, आवाज तोच. आणि ती म्हणते, मीच तुमची पत्नी. उलगडा काय होतो, हे न पाहिलेल्यांसाठी येथे सांगत नाही. एवढे मात्र सांगणे अवश्य आहे की, या चित्रपटाची खरी पकड न्यायालयातील प्रश्नोत्तरांत आहे. केवळ पतिपत्नींनाच ठाऊक असावी अशी एकेक खूण ती स्त्री सांगू लागते, तसतसा तो गृहस्थ आणि त्याच्याबरोबर प्रेक्षक दुभंगत जातो. तिच्यावर विश्वास ठेवावा तर डोळ्यांदेखत घडलेले खोटे ठरते. न ठेवावा तर कदाचित आपल्याच माणसाला लोटून दिल्याचे पातक पदरी येते. येथे भूत नाही, पण मन हलविणारा पेच आहे. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार 'पाठलाग'ला मिळाला, आणि १९६६ साली राज खोसला यांनी त्यावरून हिंदीत 'मेरा साया' काढला.

बी. आर. चोप्रा यांचा १९६० सालचा 'कानून' याच जातीचा. त्यात एकही गाणे नाही. खून करताना प्रत्यक्ष न्यायाधीशांनाच पाहिले, असे एका तरुण वकिलाला वाटते. आणि खटला मात्र एका भुरट्या चोरावर उभा राहतो. ही चोराची भूमिका नाना पळशीकर यांनी अशी वठविली की, त्या गरिबाचा जीव वाचेल किंवा नाही, याच विवंचनेत प्रेक्षक बुडून जातो. डोळ्यांनी पाहिलेल्या साक्षीवर एखाद्याला फाशी द्यावी काय, हा प्रश्न घेऊन तो घरी परततो.

यावर कोणी म्हणेल की, मग भय सर्वथा त्याज्यच समजावे काय? तसे नाही. भयानक हाही रसच आहे आणि समर्थ हातांत त्याचे चीज होते. कमाल अमरोही यांच्या १९४९ सालच्या 'महल'मध्ये ओसाड वाडा आहे, रात्र आहे, दुरून येणारे गाणे आहे. परंतु ती छाया अखेर माळ्याची मुलगी निघते, आणि भयाच्या जागी तिच्या आयुष्याविषयीची हळहळ उरते. २०१८ सालच्या 'तुंबाड'मधील भय लोभाचे रूप उघडे करते. प्रेक्षक त्या गर्भगृहातील राक्षसाला भितो, त्याहून अधिक पुनःपुन्हा तेथे उतरणाऱ्या माणसाला भितो. या दोन्ही ठिकाणी भय चाकराप्रमाणे अर्थाची सेवा करते. जेथे ते स्वतःच धनी होऊन बसते, तेथे दार करकरणे, वाद्यांचा एकाएकी कल्लोळ आणि किंकाळी एवढाच संसार उरतो. दुसऱ्या खेपेस पाहताना त्यातील एकही गोष्ट काम देत नाही.

या भेदाला आणखी एक बाजू आहे, आणि ती करमणुकीपुरती नाही. मराठवाड्यात भानामतीच्या समजुतीपायी पुष्कळांना, विशेषतः स्त्रियांना, फार सोसावे लागलेले आहे. अघोरी प्रथा व जादूटोणा यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ साली कायदा झाला तो काही उगाच नव्हे. भयाचा धर्म असा की, ते माणसाचे डोळे मिटविते आणि जो कोणी आधी दिसेल त्याच्यावर बोट ठेवावयास लावते. औत्सुक्य डोळे उघडावयास लावते: हे कोणी केले, कसे केले, पुरावा कोणता, असे ते विचारीत राहते. चांगला रहस्यपट दोन अडीच तास प्रेक्षकाकडून हीच कसरत करवून घेतो. ज्याच्यावर संशय होता तो निर्दोष ठरतो, आणि उतावळेपणाने ठरविलेला आपला निर्णय आपल्यालाच परत घ्यावा लागतो. घरातील मुलाने ही सवय करमणुकीच्या निमित्ताने उचलली, तर तिकिटाचे पैसे पाण्यात गेले असे कोण म्हणेल?

तेव्हा रहस्यपट पाहून परतणाऱ्या कुटुंबाने "भीती वाटली का?" एवढेच विचारून थांबू नये. कोणासाठी जीव टांगणीला लागला, कोणाविषयीचे मत बदलले, आणि शेवट कळल्यावरही पुन्हा पाहावासा वाटतो काय, हे तीन प्रश्न विचारावेत. तिन्हींना उत्तर मिळाले तर अंगावर काटा आला किंवा नाही, याचा हिशेब ठेवण्याचे कारण राहत नाही. उत्तर मिळाले नाही तर मात्र कितीही घाबरगुंडी उडाली असली, तरी रहस्यपट पाहिला असे समजू नये.