शेवटच्या न्यायाविषयी



ख्रिस्ती साहित्याच्या संमेलनात अध्यक्षांनी फादर स्टीफन्सपासून सुरुवात करावी आणि रेव्हरंड टिळकांपर्यंत यावं, असा एक प्रघात पडला आहे. त्या वाटेवर माझंही मन रमतं. पण आज मला ज्या विषयावर बोलायचं आहे, त्यावर आपण मंडळीत पुष्कळ बोलतो आणि लिहितो मात्र फार कमी. तो म्हणजे प्रभूचं दुसरं आगमन, त्या दिवशीचा न्याय आणि त्या न्यायातला नाश.

न्याय होणार, यावर आपलं सगळ्यांचं एकमत आहे. वसईचा कॅथलिक असो, अहिल्यानगरचा चर्च ऑफ नॉर्थ इंडियावाला, म्हणजे सीएनआयवाला असो की एखाद्या पेंटेकोस्टल मंडळीतला विश्वासू असो, तिघेही ते मनापासून कबूल करतात. मतभेद त्यापुढचे आहेत. अधर्म्यांचा नाश म्हणजे कधी न संपणारी यातना, की कायमचं नाहीसं होणं, की सोनं मुशीत घालतात तसं शुद्ध होणं? तो नाश कुणाचा, आणि केव्हा? पृथ्वी जळून जाणार, की नवी होणार? या प्रश्नांवर पवित्र शास्त्र हातात घेऊन प्रामाणिक माणसं वेगवेगळ्या ठिकाणी पोचली आहेत. ती का पोचली, हे आपल्या वाचकाला त्याच्या भाषेत समजलं पाहिजे, एवढंच माझं आजचं म्हणणं आहे.

हे संमेलन नाशिकला भरलं आहे, म्हणून नाशिकच्याच धाग्याने सुरुवात करते. चर्च मिशनरी सोसायटीचं इथलं काम 1832 मध्ये सुरू झालं. ते सुरू करणाऱ्यांत चार्ल्स फॅरर नावाचे मिशनरी होते. आदल्या वर्षी मुंबईत त्यांना मुलगा झाला होता, फ्रेडरिक. मुलाला लहानपणीच इंग्लंडला धाडलं गेलं. पुढे तो शाळामास्तर झाला, कादंबरीकार झाला, 1874 मध्ये त्याने लिहिलेलं ख्रिस्तचरित्र घरोघर वाचलं गेलं, आणि 1876 मध्ये तो लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेचा कॅनन झाला. 1877 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात तिथल्या व्यासपीठावरून त्याने पाच प्रवचनं दिली आणि इंग्लंडभर खळबळ उडाली.

काय म्हणाला फॅरर? प्रवचनांतून मुलाबाळांपुढे रंगवलं जाणारं नरकाचं चित्र, म्हणजे बहुसंख्य माणसं अनंतकाळ आगीत तडफडत राहणार, हे शास्त्राने शिकवलेलं नाही, असं तो म्हणाला. सगळ्यांचंच तारण होईल असा सिद्धांत त्याने मांडला नाही. दुष्टांचं अस्तित्व पुसलं जाईल हे मतही त्याने स्वीकारलं नाही. मरणानंतर देवाच्या दयेचं दार बंद होतं असं छातीठोकपणे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही, इतकीच त्याची भूमिका होती. पुढच्याच वर्षी ही प्रवचनं पुस्तकरूपाने निघाली. पुस्तकाच्या नावातच आशा होती.

या धाडसाची किंमत त्याला ठाऊक होती. लंडनच्या किंग्ज कॉलेजात त्याच्यावर ज्यांचा प्रभाव पडला त्या फ्रेडरिक डेनिसन मॉरिस यांची प्राध्यापकी 1853 मध्ये याच विषयावरच्या एका निबंधापायी गेली होती. सार्वकालिक म्हणजे कधी न संपणारा काळ असं मानायला त्यांनी नकार दिला होता. पुढे 1864 मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे हेन्री विल्सन या धर्मगुरूंचा खटला गेला. दुष्टांनाही शेवटी क्षमा मिळेल अशी आशा बाळगणं हा इंग्लंडच्या चर्चमध्ये गुन्हा ठरत नाही, असा निकाल लागला. त्याविरुद्ध सुमारे 11 हजार धर्मगुरूंनी जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्या चळवळीच्या आघाडीवर होते ऑक्सफर्डचे हिब्रूचे प्राध्यापक एडवर्ड प्युसी.

आता या गोष्टीचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. फॅररच्या प्रवचनांना उत्तर द्यायला प्युसी पुढे आले तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. त्यांचं पुस्तक 1880 मध्ये निघालं. ते कठोर असेल असं वाटतं, आणि एका बाबतीत ते आहेही: माणूस शेवटपर्यंत देवाला नाकारू शकतो आणि त्या नकाराला अंत नसतो, यावर प्युसी जराही मागे सरत नाहीत. पण त्याच पुस्तकात ते सांगतात की बहुसंख्य माणसांचा नाश होतो असं चर्चने कधीही ठरवलेलं नाही. ज्यांनी सुवार्ता ऐकलीच नाही त्यांचा न्याय त्यांना मिळालेल्या प्रकाशाप्रमाणे होईल. आणि मरताना माणसाच्या अंतःकरणात काय चाललं होतं हे देवावाचून कुणालाही ठाऊक नाही. पाठोपाठ दोघांत पत्रव्यवहार झाला. मरणानंतर नवी परीक्षा असते असं म्हणण्याऐवजी शुद्धीकरण असतं असं म्हणायला फॅरर राजी झाला, आणि याने आपल्याला मोठा दिलासा मिळाला असं प्युसींनी त्याला कळवलं. 1881 मध्ये फॅररने आपलं उत्तर छापलं तेव्हा प्युसींशी आपलं किती बाबतींत जमतं हे त्याने मोकळेपणाने लिहिलं.

हा वाद शेवटी मिटला असं मी म्हणत नाही. नाकारणाऱ्याच्या नकाराला अंत आहे की नाही, ही गाठ तशीच राहिली. पण दोन विद्वान एकमेकांचं पूर्ण वाचतात, दुसऱ्याचं जे खरं आहे ते छापून कबूल करतात, आणि मग जिथे पटत नाही तिथे बोट ठेवतात. धर्मचर्चेचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आपल्यासाठी हा वाद परका नव्हता. पंडित नीळकंठशास्त्री गोरे यांना, म्हणजे फादर नेहेम्या गोरे यांना, सार्वकालिक शिक्षेचा प्रश्न सतत छळत राहिला. 1848 मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा दर्शनशास्त्राचा पंडित वादात कुणाला हार जाणारा नव्हता. पण मर्यादित आयुष्यातल्या पापाला अमर्याद शिक्षा कशी, हे कोडं त्याला सुटलं नाही. आणि गोऱ्यांसारखे पंडित सोडा, पहिल्या पिढीच्या प्रत्येक मराठी ख्रिस्ती घरात हा प्रश्न आलाच असणार. पुढे ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचे आईवडील 1870 च्या दशकातल्या दुष्काळात उपासमारीने गेले. ज्या आईबापांनी मुलीला संस्कृत शिकवलं, पुराणं पाठ करून घेतली, ती दोघं ख्रिस्ताचं नाव न घेता गेली. अशा लेकीला एखादा पाहुणा प्रवचनकार तुझे आईबाप कुठे असतील ते तोंडावर सांगतो, तेव्हा तो काय बोलतो आहे हे त्याला तरी कळतं का? फॅरर आणि प्युसी, दोघांनीही तसं सांगायला नकार दिला असता.

या वादाचं मूळ सतरा-अठराशे वर्षं मागे जातं, तेही थोडक्यात सांगते. तिसऱ्या शतकातल्या ओरिगेनला शेवटी सगळी सृष्टी देवाकडे परत येईल अशी आशा होती. 553 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेत त्याच्या नावाने चाललेली मतं निषिद्ध ठरली. पण जवळपास तशीच आशा लिहून ठेवणारा निसाचा ग्रेगरी संत म्हणून पूजला जातो. पश्चिमेकडे ऑगस्टीनने शिक्षा सार्वकालिक असल्याचं जोरकसपणे मांडलं आणि पुढची हजाराहून अधिक वर्षं ते मत टिकलं. पण ते मांडताना आपल्यातच असं न मानणारे पुष्कळ दयाळू लोक आहेत, हे त्यानेही नोंदवून ठेवलं आहे.

नाश केव्हा आणि कुणाचा, हा दुसरा वाद. जैतुनाच्या डोंगरावर येशू मंदिराच्या नाशाविषयी बोलतो आणि हे सगळं या पिढीच्या डोळ्यांदेखत होईल असं सांगतो. इ.स. 70 मध्ये रोमन सेनापती टायटसने यरुशलेमला वेढा घातला आणि मंदिर जाळलं. म्हणून पुष्कळ अभ्यासकांना वाटतं की त्या भाकितांतला मोठा भाग तेव्हाच पुरा झाला. 1882 च्या ग्रंथात फॅररनेही प्रकटीकरणाच्या पुस्तकातलं श्वापद म्हणजे नीरो बादशहा, असाच अर्थ लावला. इतरांच्या मते तो सारा नाश पुढेच यायचा आहे. जॉन डार्बी यांच्या शिकवणीतून आलेली, विश्वासणारे आधी वर उचलले जातील आणि मग महासंकट येईल, ही मांडणी 1909 च्या स्कोफील्ड बायबलने जगभर पोचवली. ते बायबल उघडून पाहा. वर देवाचं वचन, त्याच पानावर खाली बारीक टाइपातल्या टिपा. साध्या वाचकाला वचन कुठे संपलं आणि टीप कुठे सुरू झाली हे ओळखणं कठीण जातं. आपल्याकडे काही प्रार्थनाघरांच्या भिंतींवर टांगलेले युगांचे तक्ते याच परंपरेतून आले आहेत. त्या तक्त्यांना माझा आक्षेप आहे, आणि तो मी स्पष्ट सांगते: तो एक अर्थ आहे, आणि तो एकोणिसाव्या शतकातला आहे, हे त्या तक्त्यावर कुठेही लिहिलेलं नसतं.

पृथ्वीच्या बाबतीतही तेच. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात मूलतत्त्वं तापून विरघळतील असं आहे. रोमकरांस पत्रात मात्र सृष्टी दास्यातून सुटण्याची वाट पाहत कण्हते आहे. जळून जायच्या वस्तूला कोण सोडवील? पृथ्वी संपणारच आहे, तेव्हा नद्या नासल्या तरी काय, असं कुणी बोलताना मी ऐकते तेव्हा मला पौलाने लिहिलेलं सृष्टीचं हे कण्हणं आठवतं.

नाहीसं होण्याचं मतही आपल्या दाराशीच आहे. विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 ला प्रभू येणार म्हणून वाट पाहिली. त्या निराशेतून सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी उभी राहिली. दुष्टांचा नाश म्हणजे खरोखरचा अंत, छळ नव्हे, ही त्यांची शिकवण. पुण्याच्या स्पायसरमध्ये शिकलेल्या कुणालाही ती विचारून पाहा. पुष्कळांनी ती पाखंड म्हणून बाजूला सारली. पण 1988 मध्ये जॉन स्टॉट यांनी, ज्यांची पुस्तकं आपले पाळक आदराने वाचतात त्यांनी, आपलाही कल तिकडे असल्याचं छापून सांगितलं. हट्टाने मात्र सांगितलं नाही; इतरांनी आपल्याशी यावर बोलावं अशी विनंती केली.

मी स्वतः कुठे उभी आहे, हे न सांगता बोलणं मला पटणार नाही. न्याय होणार यावर माझी श्रद्धा आहे, आणि तो व्हावा अशी माझी इच्छा आहे. जिच्यावर अत्याचार झाला आणि जिला कोर्टात, गावात, घरात न्याय मिळाला नाही, तिला न्यायाचा दिवस नको म्हणणं मला शक्य नाही. प्रकटीकरणातल्या वेदीखालच्या आत्म्यांचा आक्रोश खरा आहे. पण न संपणाऱ्या यातनेने त्या पीडितेचं काय भलं होतं, हे मला कळत नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात मेंढरं आणि शेरडं वेगळी होतात, ती भुकेल्याला अन्न दिलं की नाही यावरून. कुणाचं मत बरोबर होतं, यावरून होत नाहीत. मी फॅररच्या आशेच्या बाजूने आहे आणि प्युसींचा इशारा मला मान्य आहे: प्रीतीला नकार देता येतो. त्या नकाराचा शेवट काय होतो, हे मी देवावर सोडते.

संयोजकांना आणि इथल्या प्रकाशकांना माझी एक मागणी आहे. या विषयावर एक मराठी पुस्तक निघावं. त्यात प्रत्येक मत ते मानणाऱ्यानेच लिहावं: कॅथलिक धर्मगुरूने, ॲडव्हेंटिस्ट शिक्षकाने, पेंटेकोस्टल पाळकाने, सीएनआयच्या ईश्वरविज्ञानाच्या प्राध्यापकाने. प्रत्येकाने शेवटी दुसऱ्याचं कुठे पटतं तेही लिहावं. आज दुपारच्या परिसंवादात हे चौघेही बसणार आहेत, असं मला सांगण्यात आलं आहे. त्यांनी पहिला प्रश्न ख्रिस्ताचं नाव न ऐकता गेलेल्या आपल्या पूर्वजांचा घ्यावा, आणि तो तरुणांच्या देखत घ्यावा, अशी माझी विनंती आहे.