संगणक नाही म्हणून विषय सोडू नका



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. जालन्यातली मुलं मला विचारतात, "भाई, संशोधन करायचंय, पण लॅपटॉपला झेपत नाही. विषय बदलू का?" विषय बदलू नका, आधी हिशोब करा.

समजा, मोसंबीच्या पानांच्या फोटोंवरून रोग ओळखायचा आहे. आधी दोनशे फोटोंवर लॅपटॉपवरच प्रोग्राम चालवा. चुका तिथेच निघतात आणि पूर्ण कामाला किती तास, किती मेमरी लागेल याचा अंदाज येतो. मग कॅगल किंवा गुगल कोलॅब वापरा. तिथे मर्यादित वेळ जीपीयू फुकट मिळतो. काम मध्येच तुटू शकतं, म्हणून टप्प्याटप्प्याने सेव्ह करत जा.

तेही अपुरं पडलं तर? भारताला अमेरिकेकडून हवा तो महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभं राहिलं आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. आज पुण्याच्या आयसरमध्ये 'परम ब्रह्म' आहे. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या इंडिया एआय मिशनमध्ये विद्यार्थी-संशोधकांना सवलतीत जीपीयू देण्याची तरतूद आहे. हे सगळं जनतेच्या पैशातून उभं आहे. त्यात तुमच्या घरचाही कर आहे. मग मागायला संकोच कशाला?

गाईडशी बोलून अर्ज करा. "मोठा संगणक हवा" एवढंच लिहू नका. तास, मेमरी, सॉफ्टवेअर लिहा, छोट्या प्रयोगाचा निकाल जोडा. तुमच्या कॉलेजातून असा अर्ज कधी गेला नसेल, तर पहिला तुमचा जाऊ द्या. मागून येणाऱ्यांना नमुना मिळेल.