साडेसहाची सोय

(धुळ्यातील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेत विषय छापलाय ‘व्यसन आणि आपण’. त्यातला ‘आपण’ वाचून पहिली रांग रिकामी राहिलेली दिसते. (हशा) या, पुढे या. मी कुणाचं तोंड हुंगणार नाही.

दारूने यकृत जातं, घर जातं, हे मी सांगणार नाही. पिणाऱ्याला ते आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. व्यसन हा आजार आहे, हेही तुम्ही ऐकलंय. गांजा आणि नशेच्या गोळ्यांच्या बातम्या तुम्ही रोज पेपरात वाचता. मला एकच गोष्ट सांगायचीय, आणि माझे सहकारी तिला माझं खूळ म्हणतात. माणूस दारू सोडतो सकाळी आणि पितो संध्याकाळी. सप्तशृंगीच्या गडावर शपथ घेतो, लेकराच्या डोक्यावर हात ठेवतो, माळ घालतो. अगदी मनापासून घालतो. मग साडेसहा वाजतात. लूमची पाळी सुटते, मार्केट यार्डातला हमाल मोकळा होतो, खिशात मजुरी असते आणि दुकान घरच्या वाटेवरच. पुढच्या दोन तासांचं काय करायचं, हे शपथेत कुठेच नसतं.

ॲलन मार्लट हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सुटलेली दारू पुन्हा का सुरू होते, याच प्रश्नामागे होते. त्यांचं म्हणणं असं, की तलफ लाटेसारखी येते, चढते, ओसरते. तिच्याशी कुस्ती खेळू नका, ओसरेपर्यंत तग धरा. बहुतेकदा अर्ध्या तासाचा मामला. म्हणून मी विचारतो, तुझा तो अर्धा तास कुठे जाणार? सोबत कोण असेल? पोटात काही असेल का? उपाशी, चिडलेला, एकटा, थकलेला माणूस लवकर घसरतो. एकाला म्हटलं, सुटी झाली की आधी पोटभर जेवून घे. दुसऱ्या दिवशी पिऊनच हजर! म्हणाला, “साहेब, जेवायला ढाब्यावर गेलो. शेवभाजी मागवली. आता नुसती शेवभाजी कोण खातं भो?” (हशा) मग शेवभाजी ठेवली, ढाबा बदलला. बायको डबा घेऊन लूमच्या दारातच उभी राहायला लागली.

माझ्या खुळाला पुरावा मागाल, तर तो आपल्याच भागात आहे. तळोदा तालुका तेव्हा पश्चिम खानदेशात होता, म्हणजे कचेरी इथे धुळ्यात. १९३७-३८च्या सुमाराला तिकडे गुलाम महाराज नावाचे भिल्ल संत उभे राहिले. दारू सोडा, आंघोळ करा, स्वच्छ राहा, असं त्यांचं सांगणं. हजारो माणसांनी ऐकलं. दारू सोडा म्हणणारे तेव्हाही थोडे नव्हते, मग यांचंच का ऐकलं? मला विचाराल तर, यांनी माणसांना एकत्र यायला आरती दिली. एकमेकांना भेटल्यावर ‘आप’ म्हणायचं, अशी रीत घालून दिली. ज्याला सावकार आणि फौजदार अरेतुरे करायचा, त्याला शेजारचा माणूस ‘आप’ म्हणू लागला. जायला जागा मिळाली, वर मान मिळाला. १९३८मध्ये महाराज गेले, पण त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी काम पुढे चालवलं.

मागून कुणीतरी मोहाची दारू म्हणालं. बरोबर, आदिवासींच्या पूजेत ती लागते. देवाला चार थेंब वाहणं वेगळं आणि गूळ-नवसागराची हातभट्टी रोज ढोसणं वेगळं. आणि आदिवासींकडे बोट दाखवून आपण शहरवाल्यांनी सुटका करून घेऊ नये. इथून स्टेशनपर्यंत चालत जा आणि दारूच्या दुकानांच्या पाट्या मोजा.

शहाद्याला सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, श्रमिक संघटनेच्या आणि आदिवासी नेते अंबरसिंग महाराजांच्या काळात, बायका गावोगाव फिरल्या, दारूची मडकी फोडली. ताई, तुमच्या कपाळावरची आठी दिसतेय. मडकी फोडू नयेत असं मी म्हणत नाही, फोडलीच पाहिजेत. पण दुसऱ्या दिवशी साडेसहाला तो गडी कुठे बसेल, एवढंच विचारतोय.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. आवरतो. १९३५, अमेरिकेतलं ॲक्रन गाव. बिल विल्सन नावाचा, दारू सोडून काही महिने झालेला माणूस हॉटेलच्या लॉबीत एकटा. धंद्याचं काम फसलेलं, समोर बार. तो फोनकडे वळला आणि गावातला दुसरा दारुडा शोधायला लागला, बोलायला! सापडले एक डॉक्टर. त्या दोघांतून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांची संघटना उभी राहिली. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, १९८६, अनिता आणि अनिल अवचट, पुलंची देणगी, हे तुम्हाला पाठ आहे. सोडतो.

एक चिठ्ठी आलीय, तेवढी घेतो. “ह्यांना न कळत जेवणातून दारू सुटायची गोळी द्यावी का?” नाही, बाई. भिंतीवरच्या जाहिराती वाचू नका. डायसल्फिराम ही अशीच एक गोळी. ती घेतलेला माणूस वर दारू प्यायला, की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. प्रसंगी जीव जातो. ती त्याला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची.

आणि रोज भरपूर पिणाऱ्याला घरी कोंडून एकदम बंद करू नका. काही तासांत हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भास होतात, माणूस दगावू शकतो. थेट दवाखान्यात न्या. इथल्या हिरे मेडिकल कॉलेजला मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढा. आणि डॉक्टरांनी किती पिता विचारलं, तर खरा आकडा सांगा. निम्मा करून सांगू नका, कारण औषधाचा डोस त्यावर ठरतो.