‘जाडे हवेत का पातळ?’

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित अंश)



परदेशात मराठी माणूस भेटणे यात आता नवल राहिलेले नाही. लंडन, न्यू जर्सी, सिंगापूर, कोठेही जा. महाराष्ट्र मंडळ आणि गणेशोत्सव असतोच. आज मात्र मला निराळ्या गाववाल्यांविषयी बोलायचे आहे. त्यांची प्रार्थना हिब्रू भाषेत चालते, त्यांचे तीर्थक्षेत्र जेरुसलेम. आणि आडनावे मात्र पेणकर, रोहेकर, अष्टमकर, किहीमकर.

इस्रायलच्या दक्षिणेला नेगेव्हच्या वाळवंटात दिमोना नावाचे नगर आहे. जगाला ते अणुभट्टीमुळे ठाऊक. २००८ साली तेथील एका लहानशा किराणा दुकानात पोह्यांचे पाकीट दिसले. मी सहप्रवाशाला म्हणालो, “अरे, हे बघ, पोहे!” तोच गल्ल्यामागून एका आजींचा आवाज आला, “जाडे हवेत का पातळ?”

पुढचा तासभर आम्ही दुकानातच होतो. “कुठले तुम्ही?” या प्रश्नाला मी पुणे म्हणालो आणि तोच प्रश्न त्यांना विचारला. त्या म्हणाल्या, “आमचं गाव रेवदंडा.” गाव सोडून चार तपे उलटली होती, तरी ‘होतं’ हा शब्द त्यांच्या तोंडी आला नाही.

हे बेने इस्रायल. त्यांच्या परंपरेनुसार, त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. धर्म बदला, असे गावाने त्यांना सांगितले नाही. शनिवारची सुट्टी का घेता, असेही विचारले नाही. मुंबईत १७९६ साली पहिले सिनेगॉग उभारणारे सामाजी हसाजी दिवेकर याच समाजातले. मुंबईचे महापौर झालेले डॉ. ई. मोझेस याच समाजाचे, आणि ‘बूट पॉलिश’मधले आपले डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, मूळ चौलचे. महालक्ष्मीच्या ई. मोझेस मार्गावरून रोज जाणाऱ्या किती मुंबईकरांना हे ठाऊक असेल?

आजींनी मलिदा कसा करतात ते सांगितले. भिजवलेले पोहे, खोबरे, साखर, सुकामेवा. एलियाहू प्रेषिताच्या नावाने ते ताट मांडायचे. यहुदी धर्मनियमाप्रमाणे मांसाबरोबर दूध चालत नाही. कोकणात त्याची अडचण ती काय! नारळाचे दूध आहेच. नववर्षाचा चिकाचा हलवाही नारळाच्याच दुधात. धर्माज्ञा जेरुसलेमची आणि जिन्नस अलिबागचा, असा हा संसार शतकानुशतके सुखाने चालला.

१९४८ नंतर यांतले हजारो लोक इस्रायलला गेले. छळ झाला म्हणून नव्हे. पुण्यभूमीची ओढ होती म्हणून. मात्र तिथे पोहोचल्यावर जे वाट्याला आले ते कटू होते. १९६२ साली तेथील मुख्य धर्मपीठाने, बेने इस्रायलांच्या विवाहप्रसंगी त्यांच्या वंशाची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी, असे निर्देश दिले. ज्यांनी कोकणच्या एकांतात शब्बाथ सांभाळला, त्यांच्या यहुदीपणाविषयीच शंका! १९६४ साली त्यांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, संसदेने त्यांची बाजू घेतली आणि धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. आजींनी हे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. एवढेच म्हणाल्या, “रेवदंड्यात कुणी विचारलं नव्हतं.”

स्वातंत्र्यवीर सावरकरांनी पितृभू आणि पुण्यभू या दोन कसोट्या सांगितल्या, हे आपण जाणतो. संयुक्त राष्ट्रांत भारताने फाळणीच्या ठरावाविरुद्ध मत दिले, तेव्हा १९४७च्या डिसेंबरात त्यांनीच ज्यू राष्ट्राच्या कल्पनेचे उघड स्वागत केले होते. या आजींची पुण्यभू निःसंशय वेगळी. पण पोह्यांची प्रत विचारणारी जीभ कोठली, याचा विचार आपल्या अभ्यासवर्गांत व्हायला हवा. सूत्र पाठ असणे निराळे आणि माणूस समोर उभे राहणे निराळे.

आता खरी चिंता. इस्रायलमध्ये ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक या मंडळींनी चालवले. परंतु दुकानात आलेला आजींचा नातू आमच्या गप्पांकडे कुतूहलाने पाहत होता. त्याला मराठी समजत नव्हते. कोकणात जन्मलेली ती पिढी आता झपाट्याने विरळ होत आहे.

भाषा आपण तिकडे नेऊन देऊ शकणार नाही. मात्र रायगड जिल्ह्यातील कार्यकर्त्यांना करता येईल असे एक काम आहे. नवगावची दफनभूमी, अलिबाग, पेण आणि रेवदंड्याची सिनेगॉग आजही उभी आहेत. जुन्या कबरींवर हिब्रूच्या जोडीला मराठीही कोरलेली आढळते. समाजाच्या विश्वस्तांची संमती घेऊन गवत काढा, अक्षरे वाचा, छायाचित्रे घ्या, नावांची वही करा. पावसाळ्यापूर्वी सुरुवात झाली तर बरे. खारी हवा आणि शेवाळ दगडावरची अक्षरे फार काळ टिकू देत नाही. ती वही दिमोना, अश्दोद, लोद येथल्या घरांपर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था मी करीन.