गल्ली आपली, गाडीही आपलीच

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बेकायदा पार्किंग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चटकन कोणाची तरी गाडी उभी राहते. गंमत अशी, की ती गाडी नेहमी दुसऱ्याची असते. माझ्याही डोळ्यांसमोर अशी एक दुसऱ्याची गाडी बरीच वर्षे उभी होती. ती तिथून कशी हलली आणि तिच्या जागी माझी स्वतःची गाडी कशी येऊन उभी राहिली, ते आज सांगणार आहे.

मी चिंचवडगावात राहतो. मोरया गोसावींच्या समाधी मंदिरापासून चालत निघालात, तर दहा मिनिटांत आमची गल्ली येते. मी एका कारखान्यात टर्नर म्हणून लागलो, तेव्हा पाळी सुटली की रस्त्यावर सायकलींचा लोंढा लागायचा. सायकल घरी आणायची आणि जिन्याखाली भिंतीला टेकवून ठेवायची, झाले पार्किंग! आकुर्डीत स्कूटर तयार व्हायची, पण आमच्या नावाची स्कूटर मिळायला वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. पुढे १९९८ मध्ये पिंपरीच्या कारखान्यातली इंडिका बाजारात आली आणि मोटार ही आपल्यासारख्यांनीही घ्यायची वस्तू आहे, असे आमच्या घराघरांत वाटू लागले. २००१ च्या जनगणनेत दहा लाखांच्या घरात असलेली पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २०११ मध्ये सतरा लाखांच्या पुढे गेली. माणसे वाढली, घरे वाढली, गाड्या तर त्याहून वाढल्या. आमची गल्ली मात्र होती तेवढीच राहिली. गाड्या बनवणारे हे गाव, पण बनवलेली गाडी रात्री ठेवायची कुठे, याचा विचार करायचे आम्ही विसरलो.

आमच्या गल्लीत चौदा-पंधरा घरे आणि दोन लहान इमारती. त्यांतल्या एका इमारतीत मी राहतो. दुसऱ्या टोकाला एक टेम्पोवाला राहतो. चाकणच्या कारखान्यांना सुटे भाग पोचवणे हा त्याचा धंदा. पहाटे चारला माल भरायला निघायचे आणि रात्री नऊला परत यायचे. तो टेम्पो गल्लीत उभा राहतो, याचा आम्हा सगळ्यांना राग. 'धंद्याची गाडी राहत्या वस्तीत कशाला?' असे आम्ही म्हणायचो. त्याच्या काचेवर चिठ्ठ्या लावून झाल्या. एकाने तर आपल्या फाटकावर 'येथे वाहन लावल्यास हवा सोडली जाईल' अशी पाटीच रंगवून घेतली होती. संकष्टीला दर्शनाला येणाऱ्यांच्या दुचाक्या गल्लीत शिरल्या, की त्या दिवशी टेम्पोवाल्याला थोडी सुट्टी मिळायची आणि राग दुचाक्यांवर निघायचा.

समोरच्या घरात एक निवृत्त शिक्षक राहतात. आम्ही सगळे त्यांना गुरुजी म्हणतो. तीन वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, रात्री अडीचच्या सुमारास त्यांच्या घरातले दिवे लागले. काकू दारात येऊन हाका मारू लागल्या. गुरुजींच्या छातीत कळ आली होती, अंगाला दरदरून घाम सुटला होता. कोणीतरी १०८ ला फोन लावला. रुग्णवाहिका लवकर आली हो, पण आली ती गल्लीच्या तोंडाशी. पुढे तिला येता येईना.

आम्ही छत्र्या घेऊन धावलो. एका अंगाला टेम्पो, दुसऱ्या अंगाला एक मोटार आणि मधे जेमतेम माणूस आणि सायकल जाईल एवढी वाट. दोघा-तिघांनी टेम्पोवाल्याच्या दारावर धडाधड थापा मारल्या. तो बनियनवरच बाहेर आला, काही न बोलता टेम्पोत चढला आणि चालू करून बसला. पण मागे घ्यायला वळण मिळेना, कारण समोरची मोटार त्याच्या चाकाला अडत होती. ती मोटार माझ्या मुलाची होती. मुलगा रात्रपाळीला कंपनीच्या बसने चाकणला गेलेला आणि किल्ली त्याच्या खिशात.

शेवटी गुरुजींना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवले आणि चौघांनी खुर्ची उचलली. एक पाय माझ्या हातात होता. पावसात दीडशे पावले चालत आम्ही त्यांना रुग्णवाहिकेपर्यंत नेले. ती दीडशे पावले मी अजून विसरलेलो नाही. गुरुजी वाचले. आता रोज सकाळी ओट्यावर बसून वर्तमानपत्र वाचतात. त्या रात्रीबद्दल त्यांनी मला एका शब्दाने कधी विचारले नाही.

खरी गोष्ट पुढे आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही गल्लीतली पाच-सहा मंडळी जमलो आणि पोलिसांना द्यायचा तक्रार अर्ज लिहायला बसलो. तक्रार कोणाची? टेम्पोची! 'सदर टेम्पोमुळे रुग्णवाहिका येऊ शकली नाही' असे सुरेख अक्षरात लिहिले गेले. खाली पहिली सही मी केली. हो, मीच केली. तेवढ्यात काकू दवाखान्यातून डबा न्यायला घरी आल्या होत्या. त्यांनी अर्ज ऐकून घेतला आणि एवढेच म्हणाल्या, "टेम्पो तर निघाला होता ना हो?"

कोणी काही बोलले नाही. अर्ज मी घडी करून खिशात घातला. तो अजून माझ्या कपाटात आहे.

दुसऱ्या दिवशी मी मोजपट्टी घेऊन गल्लीत उतरलो. आयुष्यभर लेथवर मापे धरली, पण स्वतःच्या दारातला रस्ता कधी मोजला नव्हता. तो भरला सहा मीटर. टेम्पो जवळपास दोन मीटर रुंद. मोटार पावणेदोन मीटर. गटारापासून आणि भिंतीपासून दोन्ही गाड्या वीतभर तरी दूर उभ्या. म्हणजे मधे उरले दोन मीटरांहून कमी, तेही आरसे न धरता. रुग्णवाहिका त्यातून कशी जाणार? आणि अग्निशमनाचा बंब? आपल्याकडच्या नियमांप्रमाणे मोठे वाहन जास्तीत जास्त २.६ मीटर रुंद असू शकते. तो बंब आमच्या गल्लीत कोणत्याच रात्री येऊ शकला नसता. याउलट एकाच बाजूला गाड्या लावल्या, तर मधे पावणेचार-चार मीटर मोकळे राहतात. बंबही आत येईल आणि रुग्णवाहिकाही. म्हणजे टेम्पो दोषी की मोटार दोषी हा प्रश्नच नव्हता. समोरासमोर लावलेल्या दोन गाड्या मिळून दोषी होत्या.

मग थोडे कायद्यातही डोके घातले. मला वाटायचे, पाटी नाही म्हणजे मुभा आहे. तसे नाही. फूटपाथवर, कोपऱ्यावर वा चौकाजवळ, दुसऱ्या उभ्या गाडीच्या समोर किंवा तिला लागून, कोणाच्या फाटकापुढे, शाळा-दवाखान्याच्या दारात गाडी लावू नये, हे रस्त्याच्या नियमांत १९८९ पासून लिहिलेले आहे. त्यासाठी पाटीची गरज नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे निषिद्ध जागी लावलेले, किंवा दहा तासांहून अधिक काळ रस्त्यावर बेवारस सोडलेले वाहन पोलिस उचलून नेऊ शकतात. डिसेंबर २०२१ पासून आपल्या राज्यात अशा चुकीला पहिल्या वेळी पाचशे आणि पुढच्या वेळी दीड हजार रुपये दंड आहे. मात्र चाकातली हवा सोडायचा अधिकार कायद्याने कोणालाही दिलेला नाही. ती पाटी रंगवणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांनी हे ऐकल्यावर पाटी उतरवली आणि तिच्या मागच्या बाजूवर आपले नाव लिहून घेतले.

आणि घरापुढचा रस्ता? तो घरमालकाचा नसतो. आपण झाडाची कुंडी, फुटकी बादली, दगड ठेवून जागा अडवतो ना, तेही अतिक्रमणच. माझ्या घरापुढे अशा दोन कुंड्या होत्या. तुळस म्हणून कोणी हलवत नसे!

त्याहून लाजिरवाणी गोष्ट वेगळीच होती. आमच्या इमारतीखाली मला वाहनतळाची जागा आहे. तिला मी जाळी लावून कुलूप घातले होते. आत जुने कपाट, गणपतीचे मखर, पाण्याचे पिंप आणि मुलाची तुटकी सायकल. म्हणजे भंगार छताखाली आणि आठ लाखांची गाडी रस्त्यावर. इमारतीखालची जागा ही सर्वांच्या सोयीसाठी असते. मुंबईतल्या दहिसरच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की इमारतीखालचे खांबांमधले वाहनतळ बिल्डरने स्वतंत्रपणे विकायची वस्तू नाही. जागा कमी आणि गाड्या जास्त असतील तर संस्थेने चिठ्ठ्या टाकून वाटप करावे, अशी तरतूद संस्थांच्या आदर्श उपविधींत आहे. आम्ही मात्र तिथे अडगळ साठवून ठेवली होती. एका रविवारी भंगारवाल्याला बोलावले. जाळी निघाली आणि मुलाची गाडी आत गेली. माझे पाहून इमारतीतल्या आणखी तिघांनी आपापल्या जागा रिकाम्या केल्या. चार गाड्या एका आठवड्यात रस्त्यावरून कमी झाल्या, त्यासाठी ना पोलिस लागले ना अर्ज.

मग गल्लीची बैठक घेतली. या वेळी टेम्पोवाल्यालाही बोलावले. आजवर त्याच्याबद्दल बोललो होतो, त्याच्याशी कधी बोललो नव्हतो. तो म्हणाला, "काका, मला पण हौस नाही इथं लावायची. लांब लावला तर बॅटरी चोरीला जाते. टेम्पो एक दिवस उचलून नेला तर माझी खेप जाते, आणि खेप गेली की हप्ता थकतो." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. गल्लीच्या टोकाला एकाचा मोकळा प्लॉट आहे. मालकाशी बोलून टेम्पो रात्री तिथे लावायचे ठरले. त्या प्लॉटवर आम्ही वर्गणी काढून एक दिवा लावला.

बाकीचे नियम साधे आहेत. गाड्या एकाच बाजूला. एक महिना उजवीकडे, पुढचा महिना डावीकडे, म्हणजे सगळा भार एकाच बाजूच्या घरांवर नको. दोन्ही कोपऱ्यांपासून पाच मीटर जागा मोकळी आणि तिथे चुन्याची रेघ. गाडी रस्त्यावर ठेवून गावाला किंवा रात्रपाळीला जायचे तर दुसरी किल्ली घरात ठेवायची. प्रत्येकाच्या गाडीच्या काचेवर आतून फोन नंबर. पुढे आम्ही वाहतूक शाखेकडे सम-विषम पार्किंगसाठी रीतसर अर्जही केला. कारण आपसांतला ठराव आपल्यापुरता असतो, बाहेरच्या माणसाला तो पाळायला लावायचा तर अधिसूचना आणि पाटी हवीच. महापालिकेची 'सारथी' हेल्पलाइन २०१३ पासून आहे. शहराला २०१८ मध्ये स्वतंत्र पोलिस आयुक्तालय मिळाले. दाद मागायच्या जागा आहेत, त्या वापराव्यात. पण माझा अनुभव असा, की तिथे जाण्याआधी शेजाऱ्याची बेल वाजवावी. पोलिस गाडी उचलून नेतील, शेजारी तिथेच राहणार आहे.

सगळे सुरळीत झाले, असे मी म्हणणार नाही. लग्नसराईत गडबड होतेच. महिना बदलला की पहिले दोन दिवस कोणीतरी चुकीच्या बाजूला गाडी लावतो. एका घरात तिसरी मोटार आली आहे आणि तिला जागा नाही. हा प्रश्न गल्लीच्या ताकदीबाहेरचा आहे. जपानमध्ये १९६२ च्या कायद्यापासून मोटार घेणाऱ्याला आधी ती ठेवायची जागा दाखवावी लागते, तीही घरापासून दोन किलोमीटरच्या आत. आपल्या राज्याच्या परिवहनमंत्र्यांनीही मे २०२५ मध्ये, जागेचा दाखला नसेल तर नव्या गाडीची नोंदणी नाही, असे धोरण आणण्याचे जाहीर केले. लगेच आमच्या कट्ट्यावर वाद झाला. जागा नसलेल्या गरिबाने गाडी घ्यायचीच नाही का, असे एकाने विचारले. टेम्पोवाल्याचा विचार केला तर हा प्रश्न खोटा नाही. पण रोज तासभर चालणारी गाडी उरलेले तेवीस तास कोणाच्या जागेत उभी असते, हाही प्रश्न तितकाच खरा आहे. गाडी घेताना आपण किंमत विचारतो, मायलेज विचारतो, रंग पाहतो. 'ही रात्री झोपणार कुठे?' एवढे मात्र विचारत नाही.

गेल्या पावसाळ्यात पुन्हा एकदा रात्री रुग्णवाहिका आली. दुसऱ्या इमारतीतल्या एका सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. रुग्णवाहिका थेट दारापर्यंत आली, वळली आणि गेली. मी खिडकीतून पाहत होतो. समोर गुरुजीही ओट्यावर येऊन उभे होते. रुग्णवाहिका कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली, तसे त्यांनी माझ्या खिडकीकडे पाहून हात वर केला आणि आत जाऊन दिवा मालवला.

श्रोतेहो, आज रात्री झोपण्यापूर्वी एकदा आपल्या गल्लीत उतरून पाहा. शक्य झाले तर हातात मोजपट्टी घ्या. आणि मोजायला सुरुवात आपल्या गाडीपासून करा.